एकट्याने शिआन: एक दिवस, तीन ठिकाणे

चीनमध्ये एकट्याने फिरायचे म्हटले की पहिली धास्ती भाषेची असते. प्रत्यक्षात दिवस बिघडतो तो पासपोर्ट, पैसे आणि फोन यांची जुळणी नसल्याने. ती आदल्या दिवशी झाली, की पाठीवर एक पिशवी घेऊन अख्खे शहर एकट्याने पाहता येते. तेरा राजवंशांची राजधानी राहिलेले शिआन उदाहरणादाखल घेऊ.

आदल्या संध्याकाळी

मोठ्या स्थळांची तिकिटे पासपोर्टच्या क्रमांकावर निघतात आणि प्रवेशाच्या वेळी तोच पासपोर्ट दाखवावा लागतो. त्यामुळे मूळ पासपोर्ट हॉटेलात ठेवून निघू नका. सुटीच्या दिवसांत तिकिटे लवकर संपतात, तेव्हा आगाऊ नोंदणी करा.

चीनमध्ये भाजीवालाही क्यूआर कोडवर पैसे घेतो. पण त्यासाठी लागणाऱ्या वीचॅट आणि अलिपे या दोन्ही अ‍ॅपवर भारताने 2020 मध्ये बंदी घातली. म्हणून भारतातून जाणाऱ्याने पुरेसे रोख युआन जवळ ठेवावेत, तेही दहा-वीसच्या नोटांत, कारण सुट्ट्यांची अडचण होते. रोख रक्कम नाकारू नये, असा तिथल्या मध्यवर्ती बँकेचा नियम आहे. परदेशात स्थायिक असलेल्या मराठी प्रवाशांना अलिपेला आपले कार्ड जोडता येते.

गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप चीनच्या नेटवर्कवर चालत नाहीत. आपल्याच सिमवर रोमिंग घेतले तर बहुधा चालतात. हॉटेलचे नाव-पत्ता चिनी लिपीत लिहून घ्या आणि त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. वाट चुकली तर तो टॅक्सीवाल्याला दाखवता येतो.

सकाळ: मातीचे सैन्य

सर्वात लांबचे ठिकाण सर्वात आधी. सम्राट छिन शिह्वांगचे मातीचे सैन्य शहराच्या पूर्वेला पस्तीस-चाळीस किलोमीटरवर आहे. मेट्रोची 1 नंबरची लाइन धरून फांगझिचंगला उतरा, तिथे 9 नंबरची लाइन घेऊन ह्वाछिंगछिला जा आणि पुढे बस पकडा. दीड तास धरून चाला. प्रत्येक मेट्रो स्थानकात पिशवी क्ष-किरण यंत्रातून जाते, म्हणून पिशवीत चाकू नको. फलकांवर स्थानकांची नावे रोमन लिपीतही असतात.

विहीर खणताना 1974 मध्ये शेतकऱ्यांना हे पुतळे सापडले. एकूण पुतळे सुमारे आठ हजार असावेत असा अंदाज आहे आणि त्यांतले बरेचसे अजून मातीखालीच आहेत. मुळात ते रंगवलेले होते. बाहेरची कोरडी हवा लागताच रंगाखालचा लाखेचा थर आक्रसतो आणि रंग सुटून येतो. घाईने उत्खनन न करण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

सहलींचे गट उत्खननाच्या तीन खड्ड्यांपैकी थेट पहिल्याकडे जातात. एकट्याने उलटा क्रम धरावा: तिसरा, दुसरा आणि शेवटी पहिला. तिसरा खड्डा छोटा, सेनापतींच्या तळाचा. तो पाहिल्यावर 230 मीटर लांबीच्या पहिल्या खड्ड्यातली सैन्याची मांडणी नीट कळते.

दुपार: ह्युएनत्संगाचा पॅगोडा

परतताना वुलूखौला 4 नंबरच्या लाइनवर बदला आणि दायानथाला उतरा. भारतातून 645 मध्ये 657 ग्रंथ घेऊन परतलेल्या ह्युएनत्संगाने ते जपून ठेवण्यासाठी 652 मध्ये हा पॅगोडा बांधवून घेतला. आज तो सात मजली आणि सुमारे 64 मीटर उंच आहे. हाच भिक्षू दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात आला होता. तिथली माणसे स्वाभिमानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमान सोसत नाहीत, असे त्याने नोंदवले. मराठी माणसाने इथे सावकाश थांबावे.

संध्याकाळ: तटबंदी

दायानथाहून 3 नंबरच्या लाइनने शाओझाय, तिथून 2 नंबरच्या लाइनने योंगनिंगमन, म्हणजे तटाचा दक्षिण दरवाजा. चौदाव्या शतकातल्या मिंग राजवटीचा हा तट बारा मीटर उंच आहे, त्याचा घेर 13.7 किलोमीटर आहे आणि वर भाड्याने सायकल मिळते. पूर्ण फेरीला दीड-दोन तास लागतात. सारा चीन बीजिंगच्या वेळेवर चालतो आणि शिआन बीजिंगच्या बरेच पश्चिमेला आहे, त्यामुळे उन्हाळ्यात रात्री आठच्या सुमारासही उजेड असतो.

पुढच्याच स्थानकावर, झोंगलौला, घंटामनोरा आहे. नगारामनोऱ्यामागच्या मुस्लिम वस्तीत जेवून घ्या. भाकरीचे बारीक तुकडे आपल्याच हाताने करून मटणाच्या रश्श्यात शिजवून घ्यायचे, हा इथला ‘याङरौ पाओमो’. शाकाहारी माणसाने थंड ‘ल्याङपी’ मागवावे. मात्र भाजीतही मटणाचा रस्सा पडू शकतो. म्हणून ‘मांस, मासे, अंडी आणि मांसाचा रस्साही नको’ एवढे वाक्य चिनी लिपीत फोनमध्ये ठेवून दाखवा.

चौथे ठिकाण या दिवसात कोंबू नका. मिंगकालीन मोठी मशीद दुसऱ्या दिवशी सकाळी पाहा. लांबचे आधी, जवळचे नंतर आणि दिवसाला तीनच ठिकाणे, हा क्रम बीजिंग किंवा छंगदूलाही तितकाच उपयोगी पडतो. तिथे फक्त सुटीचे वार आधी तपासा: बीजिंगचा जुना राजवाडा एरवी सोमवारी बंद असतो.