केवल मूल्य आणि दुर्बल अवकलज

|क्ष| ह्या फलनाच्या आलेखास शून्यापाशी कोन आहे. तेथे रूढ अर्थाने अवकलज नाही. एका बिंदूपुरती ही अडचण क्षुल्लक वाटते. परंतु धन माप असलेला, तरी ज्यात एकही अंतराल सामावत नाही, असा कॅन्टर-संच रचता येतो आणि त्या संचापासूनचे अंतर हे फलन नेमके त्या संचावरच शून्य होते. अशा फलनाचे केवल मूल्य घेताना शून्य-संचावर अवकलज काय मानावा?

दुर्बल अवकलजाची व्याख्या बिंदूवर नव्हे, समाकलावर आधारलेली आहे. सीमेजवळ शून्य होणाऱ्या प्रत्येक सुविकलनीय फलन प साठी फ·प′ चा समाकल हा ग·प च्या ऋण समाकलाइतका असेल, तर ग हा फ चा दुर्बल अवकलज होय. शून्य मापाचे संच वगळता तो एकमेव असतो.

आता फ चा दुर्बल अवकलज फ′ असून दोन्ही स्थानिकतः समाकलनीय आहेत, असे मानावे. |फ| ऐवजी √(फ² + इ²) − इ घ्यावे. येथे इ धन आहे. ह्याचा अवकलज फ·फ′ ÷ √(फ² + इ²) होय. त्याचे केवल मूल्य |फ′| हून कधीच अधिक नसते. म्हणून लबेगच्या प्रमेयानुसार इ शून्याकडे नेताना सीमा समाकलाच्या आत घेता येते. निष्पत्ती अशी : |फ| चा दुर्बल अवकलज फ धन असेल तेथे फ′, ऋण असेल तेथे −फ′ आणि शून्य असेल तेथे ० असतो.

हे शून्य केवळ सोयीचे नाही. फ च्या धन भागास हीच रीत लावली, तर शून्य-संचावर त्याचा अवकलज ० येतो. उलट धन भाग म्हणजे (फ + |फ|) ÷ २. त्यावरून तो फ′ ÷ २ येतो. अवकलज एकमेव असल्याने शून्य-संचावर फ′ स्वतःच जवळजवळ सर्वत्र शून्य ठरतो. कॅन्टर-संचाचा प्रश्न येथे सुटतो : चिन्हास तेथे कोणतेही मूल्य दिले तरी फरक पडत नाही.

ह्यावरूनच फ व |फ| ह्यांच्या अवकलजांच्या वर्गांचे समाकल समान होतात आणि कडेने ताणून बसविलेल्या पटलाचे लघुतम कंपन-फलन ऋणेतर निवडता येते.

मात्र ही रीत द्वितीय अवकलजापर्यंत पोहोचत नाही. |क्ष| चा द्वितीय अवकलज हे फलन नसून शून्यबिंदूवरील दुप्पट डिरॅक-माप आहे. तेथे समतेची जागा असमता घेते; कातो ह्यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेली असमता ह्याच जातीची आहे.