परांचीतून वाहणारा द्रव आणि मशीन लर्निंगचा अंदाज

हर्सूलहून बोलतोय. आजच्या भागाचं हे लिखित रूप.

बांधकामाला परांची बांधतात ना? तशीच पेशींसाठी बांधतात ती स्कॅफोल्ड. हाडाचा मोठा तुकडा गेला, की त्या पोकळीत ही छिद्राछिद्रांची रचना बसवायची आणि तिच्यावर नवं हाड वाढवायचं. छिद्रं साधारण काहीशे मायक्रोमीटरची. बसवण्याआधी प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या, तर आतपर्यंत प्राणवायू आणि अन्न पोचवतो तो वाहता द्रव. तो पेशींना हलकेच घासून जातो, आणि त्या घासण्यानेच त्या हाड बनवायला चेतवल्या जातात. प्रवाह मंद असेल तर मधल्या पेशी उपाशी राहतात, जोराचा असेल तर चिकटलेल्या पेशी सुटून जातात.

मग छिद्रं जास्त म्हणजे प्रवाह चांगला? तसं नाही. आपल्या शहरातली मलिक अंबरची नहर आठवा. वाट मध्येच तुटली तर वर कितीही पाणी असून काय उपयोग? इथेही 70 टक्के जागा मोकळी असली, पण छिद्रं एकमेकांना जोडलेली नसली, तर द्रव अडतो. रचना तीच ठेवून सगळी मापं निम्मी केली, तर द्रव वाहू देण्याची क्षमता चौथाईवर येते.

हेन्री डार्सीचा 1856 चा नियम सरासरी प्रवाह सांगतो. पण पेशीला सरासरीशी काय देणंघेणं? ती बसलीय तिथे घर्षण किती, हे काढायला लाखो छोट्या तुकड्यांवर समीकरणं सोडवावी लागतात. एका डिझाइनला तासन्‌तास जातात. म्हणून काहीशे डिझाइन अशी सोडवून न्यूरल नेटवर्कला शिकवायची. मग नव्या डिझाइनचं उत्तर काही सेकंदांत मिळतं.

गोम इथेच आहे. चौकोनी जाळ्यांवर शिकलेल्या मॉडेलला वळणदार रचना दिली, तरी ते आकडा देतंच, तोही बेधडक. सरासरी चूक कमी दिसते, पण एखाद्या अरुंद गळ्यातलं जास्तीचं घर्षण निसटतं. आणि शिकवणीच गणिती सिम्युलेशनची, त्यामुळे त्यातल्या चुकाही वारशाने येतात.

म्हणून माझं मत: मॉडेल चाळणीसारखं वापरा. हजारातून दहा निवडा, त्या दहांचं पूर्ण गणित करा, मग प्रत्यक्ष द्रव सोडून मोजा. शेवटी ते रुग्णाच्या शरीरात जाणार आहे, शेवटचा शब्द मोजमापाचाच हवा.

प्रश्न असतील तर जरूर पाठवा. भेटू पुढच्या भागात!