सूनबाईंची सुट्टी

कॅरिबियन बेटांच्या जाहिराती पाहून हळहळणाऱ्या पनवेलकरांना मी घारापुरी सुचवतो. माझ्या एका रुग्ण सूनबाईंचा रक्तदाब गोळ्या वाढवूनही उतरत नव्हता. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंच्या शुश्रूषेत चार वर्षे त्यांनी स्वतःसाठी एकही दिवस काढला नव्हता. नणंदेला बोलावून घ्या आणि एक दिवस बेटावर जाऊन या, असे मी त्यांना बजावले.

गेटवेपासून लाँचने तासाभराचा प्रवास. सोबत सत्तरीचे सासरेही होते. लेण्यांपर्यंत सुमारे १२० पायऱ्या आहेत. गुडघ्यांमुळे ते खालीच बसले, आणि तेच शहाणपणाचे होते. डोलीही मिळते. सोमवारी लेणी बंद असतात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा हिवाळाच बरा.

प्रवासात लघवीला जावे लागेल म्हणून अनेक ज्येष्ठ पाणी आणि रक्तदाबाची गोळी दोन्ही टाळतात. तसे मुळीच करू नये. गोळीची वेळ बदलायची असल्यास डॉक्टरांना विचारावे. चढताना छातीत दाटून आल्यास तेथेच थांबून मदत मागावी.

समुद्राच्या हवेने रक्तदाब बरा झाला, असे मी म्हणणार नाही. सूनबाईंची गोळी चालूच आहे. मात्र नणंद आता महिन्यातून एक रविवार आईजवळ राहायला येते.