जुना एक्स-रे सापडेल का?

जालन्यात ओपीडीत भोकरदनकडचे एक आजोबा आले. एक्स-रेत फुप्फुसावर डाग. वर्षानुवर्षे तसाच असेल तर बहुधा जुना व्रण. नवा असेल तर पुढच्या तपासण्या. जुनी फिल्म मात्र पेटीत चिकटून खराब झालेली!

म्हणून रुग्णालयाने प्रतिमा साठवणारे सॉफ्टवेअर घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. प्रतिमा 'डायकॉम' या जागतिक पद्धतीतच राहावी. तीत रुग्णाचे नाव, तारीख चित्रासोबतच असते. डेटाबेसमध्ये नोंद आणि मूळ चित्र स्वतंत्र फाइलमध्ये असावे. म्हणजे शोध लवकर लागतो. सॉफ्टवेअर बदलले तरी चित्रे बाहेर काढता यावीत. बेल्जियममध्ये तयार झालेले 'ऑर्थँक' हे सारे मोफत करते.

तुम्ही एवढेच करा : मोबाइलच्या फोटोत बारीक छटा हरवतात, म्हणून मूळ फिल्म किंवा सीडी जपून ठेवा.