पलटण मोडते तेव्हा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

युद्धासाठी वाढवलेले सैन्य युद्धानंतर कमी करणे, जादा पलटणी मोडणे आणि शिपायांना मोकळे करून घरी पाठवणे म्हणजे सैन्यविसर्जन. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी भारतीय सैन्य सुमारे दोन लाख होते. १९४५ पर्यंत ते पंचवीस लाखांच्या घरात गेले आणि पुढच्या दोन वर्षांत त्यातल्या बहुतेकांना घरी धाडण्यात आले. कर्जत-खालापूरचा मुलूख तेव्हाच्या कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात मोडत असे. मराठा लाइट इन्फंट्री आणि महार पलटणींसाठी कोकणातल्या ज्या जिल्ह्यांतून माणसे उचलली जात, त्यांपैकी कुलाबा हा एक.

गैरसमज : लढाई संपली की शिपाई घरी येतो.

ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने हत्यार टाकले. त्यानंतर दोनच महिन्यांनी मराठा लाइट इन्फंट्रीची सहावी बटालियन जावा बेटावर, सुराबायात लढत होती, तीही डच सत्तेविरुद्ध उठलेल्या इंडोनेशियन लोकांशी. ज्यांना सुटका मिळायची त्यांचा क्रम वय आणि नोकरीची वर्षे पाहून लागे. शिवाय परदेशातून आणायला जहाजे अपुरी. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या नौदल तळावरून सुरू झालेल्या नाविकांच्या उठावाच्या मागण्यांत आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका आणि इंडोनेशियातून भारतीय फौज परत बोलावणे होते, तसेच लवकर मोकळीक आणि पुढे कामधंद्याची सोय हेही होते.

गैरसमज : फौजेतून सुटलेल्या प्रत्येकाला पेन्शन असते.

युद्धकाळात भरती झालेल्या शिपायाची नोकरी जेमतेम तीन ते सहा वर्षांची झालेली असे. सेवा निवृत्तिवेतनाला ती पुरत नसे. हाती पडे ती युद्धाची एकरकमी बक्षिसी; अपंगत्व आले असेल तर त्याची पेन्शन वेगळी. म्हणून ‘डिस्चार्ज बुक’ मोलाचे. भरतीची व सुटकेची तारीख, हुद्दा, सुटकेचे कारण, वर्तणुकीचा शेरा आणि पदके या त्यातल्या नोंदी. दुसऱ्या महायुद्धातल्या पेन्शन नसलेल्या सैनिकांना व त्यांच्या विधवांना महाराष्ट्र सरकारने पुढे मासिक अनुदान सुरू केले. अशी प्रकरणे रायगडात अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जातात, आणि तिथे पहिली विचारणा नोकरीच्या कागदाची होते.

गैरसमज : चांगली लढलेली पलटण टिकते, निकामी तेवढी मोडते.

हा समज सर्वांत अन्यायकारक आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई पिढ्यान् पिढ्या होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही जातीच ‘लढाऊ’ असतात हे खूळ वरिष्ठांच्या डोक्यात शिरले आणि १८९२-९३ च्या सुमारास त्यांची भरती बंद झाली. महाडजवळच्या रावढळचे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्जाचा मसुदा केला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागताच १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभारली गेली. युद्ध संपले, खर्चकपात सुरू झाली आणि १९२१ मध्ये तीही मोडली. पराक्रमाचा हिशेब यात कुठेच नव्हता. गरज होती तोवर बोलावले, सरली तेव्हा नाव कमी केले. फौजेतला पगार, शाळा आणि मान यांवर ज्या समाजाची एक पिढी उभी राहिली होती, त्याच्यासाठी ही कपात म्हणजे पुढच्या पिढीची वाट बंद होणे होते. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. या वेळी युद्धानंतर तिची २५वी बटालियन मोडली, पण रेजिमेंट टिकली.

गैरसमज : रोजगार विनिमय केंद्रे बेकार तरुणांसाठी निघाली.

जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झाले ते सुटलेल्या सैनिकांना आणि युद्धकामावरून कमी झालेल्या कामगारांना काम मिळवून देण्यासाठी. फाळणीनंतर त्याच्या रोजगार केंद्रांत निर्वासितांचीही नोंद होऊ लागली आणि १९४८ मध्ये ही केंद्रे सर्वांना खुली झाली. रिकाम्या लष्करी छावण्यांचेही तसेच झाले. कल्याण-कर्जत मार्गावरचे उल्हासनगर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांनी वसवले. तिथले पत्ते आजही ‘कॅम्प नंबर’ लावून सांगतात.