चार चकत्यांचे गणित

शाळा-महाविद्यालयांच्या संगणक-कक्षात बरेचसे संगणक एका मुख्य संगणकाला, म्हणजे सर्व्हरला, जोडलेले असतात. हजेरी, गुणपत्रके, विद्यार्थ्यांचे प्रकल्प, सारे त्याच्याच हार्ड डिस्कवर साठते. घरची डिस्क बिघडली तर नुकसान एका घराचे. सर्व्हरची बिघडली तर साऱ्या संस्थेचे.

डिस्क मुळात बिघडते का? तिच्यातील चुंबकीय लेप दिलेली चकती साधारणपणे मिनिटाला ७,२०० फेरे घेते. चकतीचा व्यास ९५ मि.मी. धरला तर तिची कड ताशी सुमारे १२९ कि.मी. वेगाने धावते. (हे गणित विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावे.) माहिती वाचणारे टोक चकतीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असते. आपला केस त्या अंतराच्या हजारो पट जाड! धक्का, धूळ, झीज यांपैकी काहीही पुरते. फिरणारे भाग नसलेल्या नव्या डिस्कही कधीतरी निकामी होतातच.

मग उपाय काय? १९८८ साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी अनेक स्वस्त डिस्क एकत्र वापरण्याच्या पद्धती एका शोधनिबंधात मांडल्या. त्यांना ‘रेड’ हे नाव पडले. त्यातील एक युक्ती पाहू. तीन डिस्कवर अनुक्रमे १, ०, १ हे अंक आहेत. चौथीवर असा अंक लिहायचा की चौघांची बेरीज सम यावी; येथे तो ०. आता दुसरी डिस्क निकामी झाली. उरलेल्यांची बेरीज १ + १ + ० = २, म्हणजे सम. तेव्हा हरवलेला अंक ० च असला पाहिजे! बिघडलेली डिस्क बदलली की सर्व्हर असेच एकेक अंक काढून नवी डिस्क भरतो. मात्र ती भरेपर्यंत दुसरी बिघडली, तर गणित सुटत नाही.

बिघाडाची चाहूल आधी लागते का? गूगलच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. निकामी झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी धोक्याची प्रमुख लक्षणे दाखवलीच नव्हती. म्हणजे लक्षणांवर नजर ठेवावी, पण विसंबून राहू नये.

आमच्या प्रयोगशाळेत ‘रेड’ होते, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. एके दिवशी आमच्यापैकीच एकाने चुकून वर्षभराच्या नोंदी पुसल्या. चारही डिस्कनी ती आज्ञा चोख पाळली! ‘रेड’ डिस्कच्या बिघाडापासून वाचवते, माणसाच्या चुकीपासून नाही. आग, चोरी, संगणक-विषाणू यांपासूनही नाही. त्यासाठी वेगळी प्रतच हवी. एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक दुसऱ्या इमारतीत, हा सोपा नियम.

प्रत उघडते का, हेही तपासायला हवे. जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅब या कंपनीत मुख्य माहितीसाठा चुकून पुसला गेला, तेव्हा प्रती ठेवण्याच्या तिच्या बहुतेक व्यवस्था बंदच असल्याचे उघड झाले. योगायोगाने सहा तासांपूर्वी काढलेली एक प्रत हाती लागली.

आपल्या शाळेतही महिन्यातून एकदा एखादी जुनी फाईल प्रतीवरून परत मिळवून पाहावी. मिळाली नाही, तर प्रत नाही असेच समजावे.