सांधणारा न्याय

'राजीनामा' हा शब्द कानी पडला की नोकरी सोडणारा कारकून किंवा खुर्ची सोडणारा मंत्री आपल्या डोळ्यांपुढे येतो. पण पेशवाईतल्या कागदपत्रांत हा शब्द सोडण्याचा नव्हे, तर कबूल करण्याचा आहे. वादी व प्रतिवादी पंचायतीपुढे आले म्हणजे त्यांच्याकडून आधी राजीनामा लिहून घेत. पंच जो निवाडा करतील तो आम्हांस मान्य आहे, असा त्याचा आशय. आधी राजीखुशी, मग निवाडा, असा क्रम होता.

हे आज आठवण्याचे कारण असे की, गेल्या अर्धशतकात न्यायाचा एक नवा विचार जगभर पसरला आहे आणि त्याचाही सारा भार या 'राजी' असण्यावरच आहे. 'पुनर्स्थापक न्याय' असे त्याचे बोजड भाषांतर आपण केले आहे. साध्या मराठीत त्याला सांधणारा न्याय म्हणावे. कायदा कोणी मोडला आणि त्याला शिक्षा काय, हे न्यायालयाचे नेहमीचे प्रश्न. या विचाराचे अमेरिकन पुरस्कर्ते हॉवर्ड झेर यांनी ते प्रश्नच बदलले. इजा कोणाला झाली, त्याला आता काय हवे आहे, आणि ते देण्याची जबाबदारी कोणाची, असे ते विचारतात.

या विचाराचा जन्म एखाद्या विद्यापीठात झाला नाही. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात एल्मायरा नावाचे छोटे गाव आहे. १९७४ साली तेथे दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. मोटारींचे टायर कापले, खिडक्यांची तावदाने फोडली. मार्क यान्त्झी या परिवीक्षा अधिकाऱ्याने सुचवले की, या पोरांनी नुकसान झालेल्यांना समक्ष भेटावे. न्यायाधीश गॉर्डन मॅकॉनेल यांनी ते मानले. यान्त्झी व त्यांचे सहकारी डेव्ह वर्थ यांच्यासोबत ते दोघे दारोदार हिंडले. हे आम्ही केले, असे सांगितले. नुकसान किती झाले ते विचारले. आणि काही महिन्यांत भरपाईही चुकती केली. तुरुंगाच्या भिंतीआड बसणे सोपे; जिची काच फोडली त्या म्हातारीच्या डोळ्यांत पाहणे अवघड!

पुढे १९८९ साली न्यूझीलंडने या विचाराला कायद्याचे अधिष्ठान दिले. कोर्टकचेऱ्या आमच्या मुलांना गणगोतापासून तोडतात, अशी तेथील माओरी लोकांची जुनी तक्रार होती. नव्या कायद्याने कुटुंबपरिषद आणली. चुकलेला मुलगा, त्याचे नातलग, पोलीस आणि ज्याचे नुकसान झाले तो माणूस एकत्र बसतात. मधेच इतरांना बाहेर जावे लागते आणि घरच्या मंडळींना आपसांत बोलायला मोकळीक मिळते. मग काय करायचे ते सर्वांनी मिळून ठरवायचे. खून व मनुष्यवध मात्र यातून वगळलेले आहेत.

या साऱ्याच्या मधोमध एक माणूस असतो. त्याला संयोजक म्हणतात. तो न्यायाधीश नव्हे, वकील नव्हे आणि पंचही नव्हे. निवाडा देण्याचा अधिकार त्याला नाही. मग तो करतो तरी काय? खरे पाहता बैठक हा त्याच्या कामाचा शेवटचा टप्पा. त्याआधी तो दोन्ही घरांचे उंबरठे झिजवतो. मुलाने केलेले कृत्य कबूल केले आहे का, हे पाहतो. नाकबूल असेल तर पुराव्याची छाननी न्यायालयातच व्हायला हवी. नुकसान झालेल्याला विचारतो : तुम्हांला यायचे आहे का? नसेल तर पत्र द्याल का, की कोणाला पाठवाल? कुठे बसायचे, कधी बसायचे, सोबत कोण असेल, हेदेखील त्यांना विचारूनच ठरवतो.

बैठकीत तो फारसे बोलत नाही. कोणी ओरडू लागला तर थांबवतो, कोणी गप्प बसला तर वाट पाहतो. शेवटी जे ठरते ते मात्र नेमके लिहून घेतो. 'यापुढे चांगला वागेन' हा करार नव्हे. किती रक्कम, कोणते काम, कोणत्या तारखेपर्यंत आणि लक्ष कोण ठेवणार, हे लिहिले तरच तो करार. एक गोष्ट मात्र चांगला संयोजक कधीच करीत नाही : क्षमा मागून घेत नाही. क्षमा दिली तर ती देणाऱ्याची मर्जी; न देणे हाही त्याचा हक्क.

आता आपल्या घरी येऊ. १५ ऑगस्ट २००७ पासून महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावोगावी समित्या बसल्या आणि बांधाची, वाटणीची, वाटेची भांडणे चावडीवर मिटू लागली. मिटवणाऱ्या गावांना बक्षिसेही ठेवली गेली. शेजाऱ्याशी वर्षानुवर्षे कोर्टात भांडून दोघांचीही शेती विकली जाण्यापेक्षा हे शतपटीने बरे. पण बक्षिसाच्या ओढीने एखाद्या दुबळ्याला, विशेषतः मार खाणाऱ्या बाईला, 'मिटवून टाक ना आता' असे म्हटले गेले, तर तो समेट की दुसरा मार?

जातपंचायतींनी हा धडा आपल्याला फार महाग शिकवला. वरकरणी त्याही गोल करूनच बसतात. पण तेथे नाही म्हणणाऱ्याच्या वाट्याला वाळीत पडणे येते. म्हणून तर २०१६ साली महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला आणि २०१७ पासून तो अंमलात आला.

दोन्ही बैठकांतला फरक सतरंजीवरून कळत नाही, दारावरून कळतो. जेथे दुखावलेल्या माणसाला उठून बाहेर जाण्याची आणि थेट न्यायालयाची पायरी चढण्याची मोकळीक आहे, तेथे न्याय सांधला जातो. जेथे दाराला कडी आहे, तेथे जखम फक्त झाकली जाते. तेव्हा वाचकहो, उद्या तुमच्या गल्लीत, वाड्यात, सोसायटीत कोणी मध्यस्थीला तुम्हांला बोलावले, तर समजुतीचे बोल काढण्याआधी ते दार उघडे आहे ना, एवढे जरूर पाहा.